दोन वार आणि तीन वारच्या मधे

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकाचे संपादक दर वर्षी कुणाला तरी पकडतात. या वर्षी मी सापडलो. विषयही त्यांनीच दिला, 'लोभावर विजय'. म्हणाले, "दानियलभाऊ, तुमी जिंदगीभर बाजारात राहून हात ओला नाई केला, हे पोराईले कळू द्या." मी हो म्हणालो. घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की लोभाबद्दल माझ्याकडे पानभरसुद्धा मजकूर नाही. त्याला मी मार्केट यार्डाच्या फाटकाशीच नको म्हणायचो आणि तो मुकाट्याने परत जायचा. माझी खरी कुस्ती झाली ती हेव्याशी. तो फाटकाशी थांबत नाही. एसटीत खेटून बसून आपल्याबरोबर घरी येतो आणि जेवायला शेजारी पाट मांडून बसतो. तेव्हा संपादकांची माफी मागून मी त्याच्याबद्दल लिहितो.

हेवा कुणाचा, हेही सांगून टाकतो. शांतवनचा. त्याला विचारूनच लिहितो आहे. तो म्हणाला, "लिही बापा, आता काय लपवायचं राहिलं?"

माझं काम हर्रास बोलण्याचं. लिलावाला आमच्या वऱ्हाडात हर्रास म्हणतात. शेतकरी यार्डात तूर, हरभरा, सोयाबीन आणतो आणि ओट्यावर ढीग लावतो. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जातो. ते मूठभर दाणे उचलतात, एखादा दाताखाली फोडून ओल बघतात आणि भाव बोलतात. घोळक्याच्या मधे एक माणूस ओरडत असतो, तो मी. भाव चढायचा थांबला की मी म्हणायचं, एक वार, दोन वार, तीन वार. तीन वार म्हटलं की माल गेला. आमच्या मंडळीत हे म्हणणं शोभत नाही, पण मग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही. यार्ड कुठलं ते सांगत नाही. अकोल्याहून रोज एसटीने जाऊन-येऊन करायचो एवढं पुरे. त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत.

बाहेरच्याला वाटतं, यात काय आहे, घसा असला की झालं. पण ओरडायला हमालालाही येतं. कसब आहे ते दोन वार आणि तीन वारच्या मधल्या श्वासात. तेवढ्या वेळात मागे उभा असलेला एखादा व्यापारी मनाशी ठरवत असतो, अजून थोडं चढवू का. त्याला तो श्वास पुरा मिळाला तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. बोलणाऱ्याने घाई केली तर पुढच्याला माल स्वस्तात पडतो. त्या घाईची कुठे सही होत नाही, साक्षीदार नसतो. घरी जाताना शेतकऱ्याला कळतही नाही की आपलं काही गेलं.

मी नवा होतो तेव्हा माझा श्वास सारखा राहत नसे. भूक लागली की आखूड व्हायचा आणि ओळखीचा शेतकरी आला की लांबायचा. तीही एक बेइमानीच झाली. मग मी एक युक्ती काढली. दोन वार म्हटलं की मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणायची, 'प्रभू, ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू दे.' ती पुरी झाली की तीन वार. ढीग कुणाचाही असो, ऊन कितीही असो, प्रार्थना तेवढीच. हंगामात माझी दिवसभर इतकी प्रार्थना व्हायची की आमच्या पास्टरसाहेबांचीही होत नसेल. लग्नानंतर हे मी सुमनला, माझ्या बायकोला, मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे देवाले तुमी मापारी करून टाकलं का?" मापारी म्हणजे बाजारात माल मोजणारा माणूस. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण युक्ती मी सोडली नाही.

शांतवन आणि मी एकाच संडे स्कूलचे. एकाच अडत्याकडे कामाला लागलो. मी तुरीच्या ओट्यावर बोलायचो, तो सोयाबीनच्या. आवाज दोघांचेही खणखणीत. नाताळच्या उपासनेत एकट्याने गायचं गीत मात्र माझ्याकडे असायचं, आणि ते त्याला आवडत नसे हे मला ठाऊक होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. हेवा वरच्या माणसाला दिसत नाही.

आमच्याकडे खामगावकडून एक सेठ यायचे. माल पारखून घ्यायचे आणि भाव सगळ्यांत चांगला द्यायचे. फक्त जिभेत अडखळ होती. आणि यार्डाचा नियम असा की बोली तोंडाने बोललेलीच धरायची, हात वर केलेला धरायचा नाही, कारण पूर्वी माश्या हाकलणाऱ्यांच्या गळ्यात ढीग पडले होते. सेठचा पहिला शब्द बाहेर यायला जवळजवळ सगळा श्वास लागायचा. मी तीन वारसाठी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची बोली कशीबशी येऊन पोचायची. पुढच्या रांगेतल्या चार-पाच व्यापाऱ्यांचा भाव आपसात आधीच ठरलेला असे, आणि त्या ठरवण्यात हा एकटा माणूस खोडा घालायचा. त्यांनी आम्हा दोघांकडे मागितलं ते फार नव्हतंच. श्वास जरा लवकर संपवायचा, बस्स.

मागायला आले ते त्यांच्यातले वयाने मोठे, बोलायला फार गोड. मला चहा पाजला. म्हणाले, "दानियल, तुले काही खोटं बोलायचं नाई. फक्त लवकर बोलायचं. लवकर बोलणं पाप हाये का तुमच्यात?"

लवकर बोलणं पाप आहे असं मला कुणीच शिकवलं नव्हतं. बदल्यात अमरावतीला नव्या लेआउटमध्ये एक प्लॉट होता. आम्ही तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. नळ जिन्याखाली होता, आणि त्यावर घरमालकिणीचा पहिला हक्क.

शेवटी मी म्हणालो, "माही प्रार्थना तेवढीच लांब हाये, कमी नाई होत."

ते हसले. त्यांना वाटलं, मी भाव वाढवून मागतोय.

शांतवनने प्लॉट घेतला. पुढच्या हंगामात मला तुरीच्या ओट्यावरून उचलून मिरचीच्या ओट्यावर टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मिरचीचा बाजार ज्याने पाहिला आहे त्याला समजेल. तिथे हमालसुद्धा नाकाला फडकं बांधतात, पण हर्रास बोलणाऱ्याला तोंड उघडंच ठेवावं लागतं. दोन हंगामांत माझा घसा खरवडून निघाला. पुढच्या नाताळला गीत शांतवनने म्हटलं. चांगलं म्हटलं. मी मागच्या बाकावर बसून खोकत होतो आणि लोकांना वाटत होतं मला गहिवरून आलंय.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा सुमनने हातातली पोळी लाटून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बरं केलं. पण त्या प्लॉटवर मी मोगरा लावला असता." त्यानंतर तिने प्लॉटचं नाव कधी काढलं नाही. मी मात्र रोज काढायचो, मनात.

इथे एखादा लेखक लिहील की नकार दिल्यावर मला शांत झोप लागली. मला लागली नाही. शांतवनने आधी मोटरसायकल घेतली, मग गाडी. त्याच्या मुलाला अमरावतीत नोकरी लागली, सून दातांची डॉक्टर मिळाली. दोन्ही गुडघे बदलून झाल्यावर तो माझ्यापेक्षा ताठ चालायला लागला. त्याचे केससुद्धा अजून काळे आहेत आणि तो शपथेवर सांगतो की काही लावत नाही. मंडळीत तो पुढच्या बाकावर. वर्गणी त्याची पहिली, आजाऱ्याच्या घरी फळं घेऊन जाणारा तो पहिला. ढोंगी असता तर मला किती सोपं झालं असतं. पण तो प्रार्थनेला उभा राहिला की खरोखर रडायचा. मी डोळे मिटलेले असताना एक पापणी किलकिली करून बघायचो.

माझी तक्रार शांतवनपेक्षा देवाकडे जास्त होती. मी त्याच्याशी एकनिष्ठ राहिलो आणि त्याने गुडघे शांतवनचे बदलून दिले. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की आपला देव ईर्ष्यावान आहे, त्याला वाटेकरी चालत नाही. मी मनात म्हणायचो, मग लेकरू बापावर गेलं तर बिघडलं कुठे?

खामगावचे सेठ सोयाबीनच्या ओट्यावर फिरकेनासे झाले. एकदा ते माझ्या मिरचीच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. मिरची हा त्यांचा धंदा नव्हता. पण दोन वारनंतर त्यांनी तोंड उघडलं, झगडले, आणि तीन वारच्या आत बोलले. ढीग त्यांच्या नावावर सुटला. मी विचारलं, "सेठ, मिरची कायले घेतली?"

ते म्हणाले, "का... काई नाई. बो... बोलून पाह्यलं."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. संध्याकाळी फाटकाबाहेर शांतवनची नवी गाडी उभी दिसली आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे उतरलं. मी एसटी धरली आणि गाडीच्या काचेवर शेण पडावं अशी इच्छा केली. देवाने ती पुरी केली नाही.

त्याच प्लॉटवर पुढे बंगला झाला. घरभरणीच्या प्रार्थनेचं बोलावणं आलं. मी घशाचं कारण सांगितलं. सुमन एसटीने अमरावतीला गेली आणि रात्रीच्या जेवणाला परत आली. मी तिला म्हटलं, मला काही सांगू नको. मग तासाभराने विचारलं, फरशी कसली आहे. "संगमरवरी." मग विचारलं, जिना आतून की बाहेरून. "आतून." मग स्वयंपाकघर. ती म्हणाली, "आपलं आख्खं घर मावते त्यात." त्यानंतर शांतवनने मला किती वेळा घरी बोलावलं याला गणती नाही. मी गेलो नाही. अमरावतीला लग्नाला गेलो तरी त्या बाजूच्या रस्त्याने रिक्षा नेऊ दिली नाही.

आता यार्डात मोबाइलवर बोली लागते. मी निवृत्त झालो, शांतवन माझ्या आधी झाला. पण एक हर्रास माझ्याकडे अजून आहे, ती चर्चची. आणि खरी गोष्ट तिथे घडली.

दिवाळी होऊन गेली, कापूस घरात आला की आमच्या मंडळीत एका रविवारी हंगामाचा सण असतो. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो देवाघरी आणतो. ज्वारी, कापसाचं गाठोडं, मोर्शीकडच्या पाहुण्यांनी आणलेली संत्री, कोंबड्या, कोहळे. ज्याच्याकडे शेत नाही तो कुंडीतली मिरची आणतो, पापड आणतो. उपासना झाली की अंगणातल्या चिंचेखाली टेबल मांडायचं आणि एकेक वस्तूची हर्रास बोलायची. पैसा देवाच्या कामाला जातो. इथे बाजार उलटा चालतो. वस्तू स्वस्तात मिळाली तर घेणाऱ्याला लाज वाटते. एखादं लिंबू कुणी घेतो, परत टेबलावर ठेवतो, दुसरा घेतो, तोही ठेवतो, आणि त्या लिंबावर अख्खी सायंकाळ हसत निघते.

पहिला कोहळा मात्र कुणी हसण्यावारी नेत नाही. तो ज्याने घेतला त्याच्या घराला डिसेंबरात चर्चवर तारा लावायचा मान मिळतो. बांबूच्या कामट्यांचा, माणसाच्या उंचीचा तारा, आत दिवा. मोर्णा नदीच्या पुलावरून दिसतो. गेली कित्येक वर्षं तो शांतवनच्या घरचे लावत होते. अमरावतीला राहायला गेला तरी सणाला तो गाडी घेऊन अकोल्याला यायचा, कोहळा घ्यायचा, आणि तो त्याला देणारा मी. माझ्या तोंडून तीन वार निघायचं, आणि मग मलाच ओरडून सांगावं लागायचं, "शांतवनभाऊ!" लोक टाळ्या वाजवायचे.

आता सुमनचं सांगतो. तिचे वडील या चर्चचे सेवक होते. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, आणि दर डिसेंबरात तारा बांधायचा. कामट्या सोलून त्यांची बोटं फाटलेली असायची. तारा बांधणारे ते, पण तो लावताना ते खाली उभे राहून शिडी धरायचे, कारण कोहळ्याची बोली त्यांच्या आवाक्यातली कधीच नव्हती. लहानपणी सुमनने त्यांना विचारलं होतं, "आपण कवा लावायचा?" ते म्हणाले होते, "तू मोठी झाली का लाव." मोठी झाल्यावर तिचं लग्न झालं माझ्याशी. आणि मी पहिल्याच वर्षी घरात नियम करून टाकला की ज्याच्या तोंडी तीन वार, त्याच्या घरून बोली नाही.

गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी ती कणीक मळता मळता म्हणाली, "उद्या कोहळ्याले मी बोलणार हाये."

मी म्हटलं, "आपला नियम हाये ना."

"तुमचा हाये. मी पास्टरसाहेबाईले विचारलं. ते म्हणे, असा काही नियमच नाई मंडळीत."

शिलाईचे पैसे तिने या एका गोष्टीसाठी बाजूला ठेवले होते. मी तसाच उठून पास्टरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, उद्या माझी बायको बोलणार आहे, तेव्हा टेबलावर दुसऱ्याला उभं करा. साहेब वयाने तरुण, स्वभावाने साधे. ते म्हणाले, "काही अडचण नाही, काका. शांतवनकाकांना सांगतो, त्यांनाही येतंच की हर्रास बोलता." 

एवढं ऐकलं आणि मी म्हणालो, "राहू द्या. मीच बोलतो."

घरी येताना मला कळत होतं की हे मी न्यायासाठी केलं नाही, फक्त ते टेबल त्याला मिळू नये म्हणून केलं. पण परत फिरलो नाही.

रविवारी कोहळा टेबलावर आला. मी ओरडलो. दोन-चार बोल्या आल्या, आणि मग बायकांच्या बाजूने सुमनचा आवाज आला. सगळं अंगण तिकडे वळलं. ती कुणाची मुलगी हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. एकेकजण आपणहून गप्प झाला. कुणी शेजारणीला कोपराने थांबवलं. भाव सुमनवर येऊन थांबला. शांतवन पुढे खुर्चीवर पाय पसरून बसला होता, शाल पांघरून. त्याने तोंड उघडलं नव्हतं.

मी म्हणालो, एक वार. सुमन माझ्याकडे बघत नव्हती, वर चर्चच्या कळसाकडे बघत होती. मी म्हणालो, दोन वार.

इतकी वर्षं हर्रास बोलल्यावर माणूस बोली येण्याआधी ओळखतो. बोलणारा आधी खांदा उचलतो. शांतवनची शाल हलली. खांदा वर आला. मला दिसलं की तो बोलणार आहे, आणि मला हेही दिसलं की मी आत्ता तीन वार म्हटलं तर संपलं. कुणाला कळणार नव्हतं. कळलं असतं तरी सगळ्यांना आनंदच झाला असता. पास्टरसाहेबांनी माझी पाठ थोपटली असती. माझ्या तोंडात 'तीन' तयार होता, दातांपर्यंत आलेला. प्लॉटसाठी जे मी केलं नाही ते मी कोहळ्यासाठी करायला निघालो होतो. प्लॉटच्या वेळी मला फक्त प्लॉट हवा होता. इथे शांतवन हरायला हवा होता, आणि ती भूक फार मोठी असते.

जीभ सवयीची गुलाम. मनात प्रार्थना आपोआप सुरू झाली होती, आणि ती मधेच तोडायला मला धीर झाला नाही. 'प्रभू, ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू दे.' पुरी म्हटली. आयुष्यात पहिल्यांदा मला नको असलेलं मी मागत होतो.

शांतवन बोलला. माझी इतक्या लवकर ऐकली गेलेली दुसरी प्रार्थना मला आठवत नाही.

सुमनने एकदा चढवलं. तो पुन्हा चढला. मग ती गप्प झाली, आणि मी एक वार, दोन वार म्हटलं, तिच्यासाठीही तेवढाच श्वास धरला, आणि तीन वार म्हटलं. मग ओरडलो, "शांतवनभाऊ!" कुणी टाळी वाजवली नाही.

तेव्हा शांतवन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कोहळा माहा. पण औंदा तारा सुमनवयनी लावतील."

आता टाळ्या कडाडल्या. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. पास्टरसाहेबांनी त्याला मिठी मारली. मी टेबलामागे उभा राहून पेटलो होतो. घेण्याचा मान तर त्याचा होताच, आता देण्याचाही त्यानेच घेतला. माझ्या बायकोला तिच्या बापाचा तारा मिळाला तो शांतवनच्या हातून. पुढची कोंबडी मी अशी बोललो की ती बिचारी टेबलावरून उडाली.

घरी जाताना मी स्कूटर नको तितकी जोरात पळवत होतो. मागून सुमन म्हणाली, "मी लावीन तारा. तो माह्या बापानं बांधायचा तारा हाये, शांतवनभाऊचा नाई."

मी म्हटलं, "लाव."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "दोन वार झाल्यावर मीबी तुमची प्रार्थना म्हणत होती. पण उलटी. प्रभू, त्या माणसाचं तोंड बंद ठेव." मग माझ्या पाठीवर हलकेच थाप मारून म्हणाली, "तुमी घाई केली असती ना, तर मी शिडीवर पाय ठेवला नसता. हे बी सांगून ठेवते."

डिसेंबरात तारा लावायच्या संध्याकाळी शिडी धरायला माणसं हवी होती. शांतवन अमरावतीहून मुद्दाम आला आणि नवे गुडघे घेऊन शिडीच्या एका बाजूला उभा राहिला. दुसऱ्या बाजूला मी. सुमनने पदर खोचला आणि चढायला लागली. तिच्या वयाच्या बाईने चढू नये असं सगळे म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती.

ती वर पोचली, तारा दोराने वर ओढला जात होता, तेव्हा शांतवन माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले काय वाटते दान्या, मले कोहळा पायजे होता?"

मी वर, सुमनच्या पावलांकडे बघत होतो.

"मले पाह्यचं होतं, तू घाई करते का. बायको होती तुही समोर. म्हटलं, आज तरी करशील." त्याने शिडीवरचा हात बदलला. "तुही प्रार्थना मले मालूम हाये. वयनीनं माह्या बायकोले सांगितली होती. ते सोयाबीनचे ढीग मी सोडत होतो ना, तवा एक डाव म्या बी म्हणून पाह्यली. अर्धीच झाली. अर्ध्यावरच तोंडातून तीन वार निघून जाये. तू एक डाव जरी घाई केली असतीस ना, तर मले वाटलं असतं का आपण दोघं सारखेच हाओ. इतके वर्सं वाट पाह्यली."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. पास्टरसाहेबांना ते आवडलं असतं. पण दोन्ही हात शिडीला होते, आणि खरं सांगायचं तर मला आधी आनंद झाला. गाडी, बंगला, काळे केस, एवढं सगळं असून हा माणूस माझा हेवा करत होता. तो आनंद ख्रिस्ती नव्हता, पण फार गोड होता. आणि तो गिळून होतो न होतो तोच दुसरा विचार आला. हेही त्यानेच आधी बोलून टाकलं. माझ्या पोटात त्याच्याबद्दल जे होतं ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कबुली देण्यातसुद्धा तो पुढच्याच बाकावर होता.

तो पुढे काही बोलला नाही. शिडी धरून उभा राहिला. मला ती शांतता ओळखू आली. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला पुरा श्वास दिला नाही, तो मला देत होता. वरून सुमन ओरडली, "शिडी हलून राहिली, नीट धरा." आम्ही दोघांनीही धरली.

तो अजून थांबलेला होता. मी म्हणालो, "शांतवन, तुहा बंगला दाखव एकडाव."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कवा येतं?"

"नाताळ होऊ दे."

जानेवारीत आम्ही दोघं अमरावतीला गेलो. शांतवन फाटकाशी उभाच होता. त्याने मला खोल्या दाखवल्या, जिना दाखवला, गच्चीवर नेलं. त्याच्या बायकोने ज्वारीची भाकर आणि ठेचा केला होता, मला मिरची चालत नाही हे लक्षात येऊन मग दही वाढलं. जेवणाआधी शांतवनने प्रार्थना केली. या वेळी मी दोन्ही डोळे मिटले. निघताना सुमनने अंगणातल्या मोगऱ्याची एक फांदी मागून घेतली, आमच्या कुंडीत लावायला.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणालो, "स्वयंपाकघर तू सांगितलं होतं तेवढं काही मोठं नाई."

सुमन मोगऱ्याच्या फांदीला ओलं फडकं गुंडाळत होती.

"तेवढंच सापडलं का?" ती म्हणाली.

मी थोडा विचार केला. सगळा बंगला पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणला.

"तेवढंच," मी म्हणालो.